पाऊस बदलला, आता आपली पाळी

(महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका कृषी सखीने केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती. – संपादक मंडळ)



मला विषय दिलाय 'हवामान बदल आणि आपलं वागणं'. पत्रिकेत हे वाचून आमच्या गटातली एक मावशी म्हणाली, "बाई, हे शाळेच्या पुस्तकातलं दिसतंय. आपल्याला काय करायचंय त्याचं?" मी म्हटलं, "मावशी, तुम्ही सोयाबीन दोनदा पेरलं ना? दुसऱ्या पेरणीसाठी गटातून कर्ज उचललं ना? तोच विषय आहे."

तर बायांनो, मी आज तुम्हाला बर्फाचे डोंगर आणि समुद्राची पातळी सांगणार नाही. आपल्या बांधावरचं, आपल्या हंड्यातलं आणि आपल्या गटाच्या वहीतलं बोलणार आहे. आणि शेवटी तुमच्याकडून तीन ठराव मागणार आहे. पटले तर हात वर करा, नाही पटले तर इथेच सांगा.

काय बदललंय?

आपल्या आज्ज्या नक्षत्रावर पेरायच्या. मृग निघाला की बी-बियाणं बाहेर काढायचं, आर्द्रात पेरणी उरकायची. सगळं काही अगदी ठरल्यासारखंच व्हायचं असं नाही, दुष्काळ तेव्हाही पडायचे. पण अंदाज बांधता यायचा. आता काय होतं? जूनच्या पहिल्या आठवड्यात एक सर येते, सगळं गाव पेरतं, आणि मग वीस-पंचवीस दिवस आभाळ कोरडं. पीक करपलं की धो-धो. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत.

असं का होतं, ते एका वाक्यात सांगते. उन्हात ओली साडी लवकर वाळते की नाही? तापलेली हवा पाणी जास्त ओढते. कारखाने, वीजकेंद्रं, गाड्या यांच्या धुराने पृथ्वीची हवा तापलीय, ती रानातली ओल जास्त ओढून घेते आणि जास्त पाणी धरून ठेवते. एक अंश तापमान वाढलं की हवेत सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. मग सोडते तेव्हा एकदम सोडते. म्हणून खंडही मोठा आणि पाऊसही मोठा. दुष्काळ आणि अतिवृष्टी या दोन बहिणी आहेत, एकाच घरच्या.

मराठवाड्याने दोन्ही पाहिलंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं म्हणून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. साडेतीनशे किलोमीटरवरून! आणि त्याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने उभं पीक पाण्याखाली गेलं, जनावरं वाहून गेली, जमीन खरवडून गेली. माणसं तीच, रान तेच.

आता कुणी म्हणेल, हा धूर काय आपण केला का? नाही केला. खरं तेच बोलायचं. आपल्या देशातल्या एका माणसाच्या वाट्याचा धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि त्यातही चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा वाटा किती असणार? तेव्हा मी तुम्हाला दोष द्यायला आलेली नाही. कुणी दिला तर मान्यही करू नका. पण आग शेजाऱ्याने लावली म्हणून आपण आपलं घर ओलं करायचं सोडतो का? आपल्याला बदलायचंय ते आपली पोरं, आपलं पीक आणि आपली बचत वाचवायला.

कळतं, पण वळत नाही. का?

आता मुख्य गोष्ट. हे सगळं गावात माहीत नाही असं नाही. पाणी खाली गेलंय हे पारावर बसलेला प्रत्येक जण सांगतो. धुरे पेटवू नयेत हे माहीत असतं. एक बोअर कोरडं गेलं तर शेजारी दुसरं मारून पाणी येणार नाही, हेही माहीत असतं. तरी माणूस तेच करतो. का?

माझ्या फिरतीत मला चार कारणं दिसली.

एक. खर्च आज आणि फायदा नंतर. आज पेरणी थांबवली तर आज लोक हसतात. फायदा दिसायला चार महिने जातात.

दोन. एकट्याने केलं तर वेड्यात काढतात. शेजाऱ्याची तिफण चालू झाली की आपल्या पोटात गोळा येतो. सगळे चुकले तर चालतं, आपण एकटे चुकलो तर चालत नाही, असं मनात असतं.

तीन. भीती घातली की माणूस कान बंद करतो. "पृथ्वी नष्ट होणार" म्हटलं की लोक म्हणतात, होऊ दे, सगळ्यांचंच होईल ते आपलं.

चार. हे सर्वात मोठं. जिला कळतं तिच्या हातात निर्णय नसतो. पाणी कोण आणतं? बाई. खुरपतं कोण? बाई. दुबार पेरणीला गटातून कर्ज कोण उचलतं? बाई. आणि काय पेरायचं, बोअर कुठे मारायचं हे कोण ठरवतं? सांगायला नको.

आता जरा मागे वळून बघा. आपण सगळ्यांनी मिळून गावाचं वागणं एकदा बदललेलं आहे. कधी? गट सुरू केला तेव्हा! आठवा. महिन्याला वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपये. घरातले म्हणायचे, "वीस रुपयांनी काय बंगला बांधणार?" पैसे टाकायची सवय आपल्यात कुणालाच नव्हती. आणि आज? आज बँकेचा मॅनेजर खुर्ची देतो.

ते कसं झालं? भाषण ऐकून झालं का? नाही. चार गोष्टींनी झालं. रक्कम लहान होती, कुणालाही जमेल अशी. दिवस ठरलेला होता, चुकवता येत नव्हता. वही होती, त्यात दर वेळी आकडा चढायचा आणि तो डोळ्यांना दिसायचा. आणि सगळ्याजणी समोर होत्या. एखादीने हप्ता चुकवला तर कुणी भांडत नव्हतं, पण तिचं तिलाच बरं वाटायचं नाही.

लहान काम, ठरलेला दिवस, वही आणि सगळ्यांसमोर. माणसाचं वागणं बदलायची ही चार हत्यारं आपल्याकडे आधीपासून आहेत. नवं काही आणायचं नाही. हीच हत्यारं आता पावसाला, पाण्याला आणि पेरणीला लावायची.

पहिलं काम : पावसाची वही

सरळ उभ्या बाजूंचा एक डबा घ्या. प्लास्टिकचा असो, पत्र्याचा असो. तळ सपाट हवा, वर-खाली रुंदी सारखी हवी. झाड, छप्पर, भिंत यांच्यापासून दूर, उघड्यावर एका खांबावर नीट बांधा. रोज सकाळी साडेआठ वाजता आत पोराच्या कंपासमधली पट्टी उभी धरा. पाणी जितके मिलिमीटर, तितका पाऊस. आकडा वहीत लिहा, डबा ओता, परत लावा. झालं. सरकारी पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो, आणि आपल्याला तर माहीत आहे, ओढ्याच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही. आपल्या रानाचा पाऊस आपल्याला मोजला पाहिजे.

याचा उपयोग काय? कृषी विभाग दर वर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. जमिनीत पुरती ओल उतरली की मग मधे खंड पडला तरी रोप तग धरतं. पण हा आकडा कुणाच्या डोक्यात बसत नाही, कारण आपल्या गावात किती पडला हे कुणालाच माहीत नसतं. "चांगला झाला की", "वाफसा आला की" असं अंदाजपंचे चालतं.

एका गावात काय झालं, सांगते. गटातल्या एका ताईने असा डबा लावला. माणसं हसली, "आता बाया पाऊस मोजणार!" तिने काही वाद घातला नाही. रोजचा आकडा खडूने अंगणवाडीच्या फळ्यावर लिहायला लागली. खाली बेरीज. पहिली सर आली, १८. दुसरी, २२. बेरीज ४०. फळ्यावर खाली लिहिलं, 'अजून ३५ पाहिजे'. बस, एवढंच. कुणाला पेरू नका म्हणाली नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, दूध घालायला निघालेली माणसं गाडी थांबवून फळा वाचून जातात. गावातले निम्मे पेरून मोकळे झाले होते, निम्मे थांबले. मग सतरा दिवसांचा खंड पडला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पुढच्या वर्षी मृगाच्या आधी गावातलीच माणसं विचारायला लागली, "ताई, डबा कधी लावताय?"

ध्यानात घ्या, तिने भाषण दिलं नाही, कुणाला लाज वाटेल असं बोलली नाही. आकडा दाखवला आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडला. माणसाला सांगितलेलं आवडत नाही, त्याचं त्याला उमगलेलं आवडतं.

या वहीला दोन जोड द्या. एक, उगवण चाचणी. घरचं सोयाबीन मोजून शंभर दाणे घ्या, ओल्या बारदानात ओळीत ठेवा, गुंडाळा, ओल टिकवा. आठवड्याभरात किती उगवले ते मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला चांगलं. सोयाबीनचं सरळ वाणाचं बी दर वर्षी विकत घ्यावं लागत नाही, नीट राखलं तर दोन-तीन वर्षं घरचं चालतं. गटाच्या एकाच बैठकीत सगळ्यांची चाचणी करा, बघा कशी मजा येते, कुणाचं किती उगवलं ते. दोन, रुंद वरंबा सरी. वरंब्यावर पीक, बाजूला सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, कमी झाला तर सरीत मुरलेली ओल कामाला येते. आजच्या लहरी पावसाला दोन्हीकडून पुरणारी हीच पद्धत आहे.

दुसरं काम : पाण्याचा ताळेबंद, आणि आपल्या कर्जाचाही

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्ही ऐकून असाल, काहीजणी सहलीला जाऊनही आल्या आहात. दुष्काळी पट्ट्यातलं गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर १९९० च्या आसपास काम सुरू झालं. चर खोदले, बंधारे घातले, झाडं लावली. पण बंधारे तर पुष्कळ गावांनी घातले. मग हिवरे बाजारचं पाणी का टिकलं? कारण त्यांनी आलेलं पाणी खर्च कसं करायचं हे ठरवलं. पावसाळा संपला की ग्रामसभेत बसतात. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती, हे मोजतात. आधी माणसांचं पिण्याचं, मग जनावरांचं, मग उरेल त्यावर पीक. पाऊस कमी झाला तर कमी पाण्याची पिकं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस नाही, केळी नाही. सगळ्यांना सारखा नियम.

आपण घर कसं चालवतो? महिन्याला किती आले ते बघून किराणा भरतो. मग गाव आधी पेरतं आणि नंतर विहिरीत डोकावतं, हे कसं चालेल?

एक हिशोब सांगते, लिहून घ्या. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण चार हजार लिटर पाणी. तीन एकरांवर एक मिलिमीटर म्हणजे बारा हजार लिटरचा एक टँकर. आता एक एकर हरभऱ्याला दोन पाणी दिली, तर साधारण चाळीस टँकर लागतात. एक एकर उसाला वर्षभरात, पावसाचं पाणी वजा केलं तरी, पाटाने भिजवला तर चारशेच्या वर टँकर लागतात. चारशे! हा आकडा पुढच्या बैठकीत घरच्या माणसांसमोर मांडा. ऊस वाईट असं म्हणू नका, भांडण होईल. फक्त विचारा, "आपल्या शिवारात यंदा चारशे टँकर आहेत का?"

आता जरा अवघड बोलते. रागवू नका.

आपल्या गटांच्या कर्जाच्या नोंदी बघा. दवाखाना, शिक्षण, शेळी, शिलाई मशीन, किराणा दुकान. आणि बोअर. अर्जावर कधी 'शेती' लिहिलेलं असतं, पण खरं कारण आपल्याला माहीत असतं. लाख-दीड लाख लागतात, काही गटाचे, काही सावकाराचे. पाचशे, सहाशे फूट खाली जातात. लागलं तर दोन उन्हाळे चालतं, शेजारच्याचं आटतं. नाही लागलं तर भोकात पैसे गेले. आणि हप्ता? हप्ता ती भरते. रोजंदारी करून, कधी कधी कोयता घेऊन कारखान्यावर जाऊन भरते. बोअर कुठे मारायचं हे तिला कुणी विचारलेलं नसतं.

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर शेतीसाठी घ्यायला मनाई आहे. कायदा कागदावर राहतो हे मला ठाऊक आहे. पण आपल्या गटाची तिजोरी तर आपल्या हातात आहे ना? बायांनो, गावात पाण्याबद्दल आपलं कुणी ऐकत नाही असं आपण म्हणतो. पण ज्या पैशाने जमिनीला भोकं पडतात त्यातला काही पैसा आपल्या सहीने निघतो. तिथे तरी आपलं ऐकावंच लागेल.

माझं म्हणणं असं नाही की कुणाला कर्जच देऊ नका. अडलेल्या बहिणीला दार लावणारा गट तो गट कसला? म्हणणं एवढंच की नवीन बोअरसाठी गटाचा पैसा नको. त्याऐवजी ठिबक, तुषार, विहिरीचा गाळ काढणं, बोअरचं पुनर्भरण, शेततळं, छपराचं पाणी साठवायची टाकी, यांना आधी आणि सवलतीच्या व्याजाने द्यायचं. बंद करताना दुसरं दार उघडून द्यावं लागतं. नुसतं 'नको' म्हटलं की माणूस सावकाराकडे जातो.

छपराचं सांगितलं म्हणून हिशोब देते. वीस बाय पंचवीस फुटांचं पत्र्याचं छप्पर असेल आणि वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर सत्तावीस हजार लिटरच्या वर पाणी पडतं. काही वाया गेलं तरी वीस हजार हाती लागतं. जिला गुंठाभर जमीन नाही तिच्याकडेही छप्पर आहे. हे काम भूमिहीन बहिणींचंही आहे.

तिसरं काम : एक एकर माझा

धाराशिव, लातूर भागात किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था बायकांबरोबर काम करत आली. दुष्काळ पडू लागले तेव्हा तिथल्या बायकांनी एक वेगळी वाट धरली. सगळं रान नगदी पिकाखाली घालायचं आणि खायचं बाजारातून आणायचं, हे थांबवायचं. घरच्या जमिनीतला अर्धा किंवा एक एकर आपल्या हाती मागून घ्यायचा. त्यात डाळी, ज्वारी-बाजरी, भाजीपाला, अशी मिसळ पिकं लावायची. खत, औषध घरचं. पाणी बेताचं. पाऊस फिरला तरी चार पिकांतली दोन तरी हाती येतात, घर उपाशी राहत नाही. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

पुरस्कारापेक्षा मला त्यातली युक्ती महत्त्वाची वाटते. त्या बायकांनी नवऱ्याला "सगळी शेती बदला" असं म्हटलं नाही. "एक एकर द्या, एक हंगाम द्या," एवढंच मागितलं. लहान मागणं नाकारायला जड जातं. आणि घरात वर्षभर डाळ-भाजी आली, औषधाचा खर्च वाचला, की पुढच्या हंगामात नवराच विचारतो, काय लावायचं.

घरचं खत म्हटलं की काहीजणी घाबरतात. जीवामृत करायला काय लागतं? दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि दोनशे लिटरच्या पिंपात पाणी. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. दोन-तीन दिवसांत एका एकराचं तयार. गटातल्या पाचजणींनी मिळून केलं तर काम निम्मं होतं.

आणि बियाणं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरीही चढल्या नाहीत. त्यांनी घरच्या घरी गावरान वाणांचं बी जपलं, वाढवलं, इतर बायकांना वाटलं. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्याही गावात अशी एखादी आजी आहे, जिच्या मडक्यात राखेत ठेवलेलं वालाचं, दोडक्याचं, गावरान तुरीचं बी आहे. ती आहे तोवर जा. तिच्याकडून मूठभर घ्या, पुढच्या वर्षी दोन मुठी परत द्या. वहीत लिहा, जसं कर्ज लिहितो तसं.

दुसऱ्याला कसं सांगायचं?

आता तुम्ही गावी गेल्यावर हे सांगणार. तेव्हा थोडं ऐकून जा.

सांगण्याआधी विचारा. "तुमच्या विहिरीला पूर्वी कधीपर्यंत पाणी असायचं?" म्हाताऱ्या माणसाला हे विचारलं की तो स्वतःच सगळं बोलतो. मग आपल्याला सांगायला फार उरत नाही.

जिला नको आहे तिच्या मागे लागू नका. दहाजणींतल्या तीन-चार तयार असतात. त्यांच्यापासून सुरू करा. बाकीच्या बघतात. बांधावरून बघितलेलं भाषणापेक्षा जास्त पटतं. म्हणून पहिलं रान रस्त्याकडेचं निवडा.

गरिबाला लाजवू नका. जिच्याकडे गॅसची टाकी भरायला पैसे नाहीत तिला चुलीच्या धुरावर प्रवचन देऊ नका. तिला निर्धूर चुलीला मदत करा, टाकीसाठी गटातून छोटं कर्ज द्या. अडचण हलकी केली की वागणं आपोआप बदलतं.

माणसांना शत्रू समजू नका. घरातल्या धन्याला, दिराला पाण्याच्या ताळेबंदाच्या बैठकीला बोलवा. विहिरीची खोली मोजायचं काम त्यांच्याकडे द्या. ज्याने दोर सोडून पाणी मोजलं तो आकडा विसरत नाही.

चांगलं केलं तिचं नाव सभेत घ्या. टाळ्या वाजवा. आपल्या बायकांना उभ्या आयुष्यात टाळ्या मिळत नाहीत, त्याने हुरूप येतो.

आणि उन्हाळ्यात एकमेकींकडे लक्ष द्या. ऊन आता पूर्वीचं राहिलेलं नाही. मार्चपासून मे महिन्यापर्यंत रानातलं, रोजगार हमीचं काम सकाळी लवकर आणि संध्याकाळी करायचं, भर दुपारी नाही, हे गटाने मिळून मागितलं तर मुकादमाला ऐकावं लागतं. सोबत पाणी, मीठ-साखर-लिंबू, डोक्याला ओलं फडकं. कुणी बरळायला लागलं, अंग तापून कोरडं पडलं, तर तिला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि लगेच १०८ ला फोन करा. मजुरीपेक्षा जीव मोठा.

"आपण केल्याने काय होणार?"

हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर असं. आपण डबा लावल्याने जगाचं तापमान उतरणार नाही. पण दुबार पेरणीचं कर्ज वाचेल. आपण बोअर थांबवल्याने समुद्र शांत होणार नाही. पण मे महिन्यात गावच्या आडाला पाणी राहील, पोरीची शाळा हंड्यापायी बुडणार नाही. आधी एवढं होऊ द्या.

दुसरं, "सरकारने करावं." बरोबर आहे, करावंच. आपण त्यांना सूट द्यायची नाही. गावात पर्जन्यमापक द्या, पीकविम्याचा पंचनामा वेळेवर करा, ओढ्याच्या कामाला रोजगार हमीतून मंजुरी द्या, हे ग्रामसभेत ठरावासह मागू. पण हातात तीन वर्षांची पावसाची वही आणि विहिरींचे आकडे घेऊन उभी राहिलेली बाई आणि रिकाम्या हाताने उभी राहिलेली बाई, यांत फरक पडतो. साहेबासमोर वही बोलते.

आजचे तीन ठराव

तर आता माझं मागणं.

ठराव पहिला : येत्या मृगाच्या आधी प्रत्येक ग्रामसंघ आपल्या गावात एक पर्जन्यमापक डबा लावेल, एका ताईला वही सोपवेल आणि आकडा रोज फळ्यावर लिहिला जाईल.

ठराव दुसरा : नवीन बोअरसाठी गटाच्या आणि ग्रामसंघाच्या निधीतून कर्ज दिलं जाणार नाही. ठिबक, पुनर्भरण, गाळ काढणं आणि पाणी साठवणीच्या कर्जाला पहिला क्रम राहील. पावसाळा संपल्यावर प्रत्येक ग्रामसंघ पाण्याच्या ताळेबंदाचा विषय ग्रामसभेत मांडेल.

ठराव तिसरा : प्रत्येक गटातल्या किमान तीनजणी या खरिपात अर्धा ते एक एकर, आणि ज्यांना जमीन नाही त्या परसबाग, आपल्या हाती घेऊन खाण्याची मिसळ पिकं लावतील. गटाच्या मासिक बैठकीत बचतीनंतर पाच मिनिटं याच विषयाला राहतील.

दुसऱ्या ठरावावर काहींची मनं कचरतील, मला कल्पना आहे. कुणाच्या घरी आजच बोअरचं ठरलं असेल, आणि नाही म्हटलं की घरी बोलणी खावी लागतील. म्हणूनच तो एकटीचा निर्णय असू नये. घरी सांगता आलं पाहिजे, "माझ्या हातात नाही, महासंघाचा नियम आहे." एकट्या बाईला जे बोलायला जड जातं ते संघटनेने बोलायचं असतं. आपण संघ केला तो यासाठीच.

बायांनो, सावित्रीबाईंवर शेण फेकलं तेव्हा त्या पिशवीत दुसरं लुगडं ठेवून शाळेत गेल्या, हे आपण लेकींना सांगतो. आपल्याला तर फक्त एक डबा लावायचाय आणि चार लोकांचं हसणं सोसायचंय. तेवढं आपल्याला जमेल.

ज्यांना ठराव मान्य आहेत त्यांनी हात वर करावेत. ज्यांना शंका आहे त्यांनी उभं राहून विचारावं, वेळ आहे. जेवण थोडं उशिरा झालं तरी चालेल.

जय जिजाऊ, जय सावित्री!